घरी सोडण्यापूर्वी पाय उचलून पाहा

संपादक महाशय,

बाळंतपण होऊन तीन-चार दिवस झाले तरी जिला कुशीवर वळता येत नाही, पलंगावरून उतरताना स्वतःचा पाय हाताने उचलून खाली ठेवावा लागतो, तिला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘कंबर धरलीय, सव्वा महिन्यात सुटेल.’ बहुतेकींची सुटतेही. पण त्यातल्या काहींच्या ओटीपोटाच्या हाडांचा सांधा उघडलेला असतो किंवा सांध्याचे बंध फाटलेले असतात, आणि ते कुणी पाहिलेलंच नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशय, रक्तस्राव आणि टाके बघतात, बालरोगतज्ज्ञ बाळ बघतात. अस्थिरोगतज्ज्ञाकडे ही बाई पोहोचते ती चार-सहा महिन्यांनी, हातात कमरेच्या मणक्याचा एमआरआय घेऊन; आणि दुखतंय तो पुढचा सांधा त्या एमआरआयमध्ये आलेलाच नसतो.

आमचं मागणं एवढंच आहे की प्रत्येक प्रसूतिगृहात बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी एक मिनिटाची पाय उचलण्याची चाचणी व्हावी आणि तिचा निकाल डिस्चार्ज कार्डावर लिहिला जावा. तिला यंत्र लागत नाही की पैसे. ही चाचणी का करायची, आणि तिच्यात दोष सापडला तर पुढे काय करायचं, हे जरा तपशिलात लिहितो, कारण घरच्या माणसांना ते कुणी सांगत नाही.

ओटीपोटाच्या हाडांचं कडं पुढे एका आणि मागे दोन सांध्यांनी जोडलेलं असतं. पुढचा सांधा जांघांच्या मधोमध, मूत्राशयाच्या अगदी पुढ्यात. दोन्ही बाजूंच्या जघनास्थींमध्ये, म्हणजे कड्याच्या पुढच्या दोन हाडांमध्ये, कूर्चेची चकती असते. याला डॉक्टर सिंफिसिस म्हणतात. मागचे दोन सांधे त्रिकास्थीच्या (मणक्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाच्या) दोन्ही बाजूंना, पाठीच्या खाली जिथे दोन खळ्या दिसतात साधारण तिथे. हे एसआय जॉइंट. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते. गरोदरपणात बंध सैल पडून ती आणखी २-३ मिलिमीटर वाढते, आणि ते योग्यच आहे. फट १० मिलिमीटरच्या, म्हणजे १ सेंटिमीटरच्या वर गेली की सांधा उघडला असं धरतात. फट २.५ सेंटिमीटरच्या पुढे गेली तर मागच्या एसआय सांध्यांचे पुढचे बंधही फाटले असण्याची शक्यता मोठी असते, कारण कडं पुढे एवढं उघडताना मागे हलल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच पुढे फट आहे म्हटल्यावर मागचे सांधे तपासायचेच.

हे घडतं कसं? बाळ मोठं असणं, कळा फार झपाट्याने येऊन बाळंतपण उरकणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं, बाळाचा खांदा अडकणं, पूर्वी अपघातात ओटीपोटाच्या हाडांना मार लागलेला असणं, ही नेहमीची कारणं. यातली बरीचशी आपल्या हातात नसतात. एक मात्र आहे. जोर लावायच्या वेळी दोन बाजूंनी दोघी जणी बाईच्या मांड्या धरून मागे आणि बाहेर ढकलतात. खांदा अडकला की मांड्या पोटाकडे घेणं बरोबरच आहे, त्याने बाळ सुटतं. पण त्या पोटाकडे घ्यायच्या असतात, बाजूला फाकवायच्या नसतात. आणि खांदा सुटल्याबरोबर खाली आणायच्या असतात. एपिड्युरल (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीतून दिलेली भूल) दिलेलं असेल तर काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ‘दुखतंय, पुरे’ असं सांगणारी जाणीवच बधिर झालेली असते. प्रसूतीच्या टेबलावर दोन्ही पाय एकाच वेळी रिकिबीत चढवावेत आणि एकाच वेळी उतरवावेत. एक पाय वर, एक खाली लोंबकळत, असं ठेवून टाके घालत बसू नये.

काही बायकांना त्या क्षणी ‘कट्’ असा आवाज आल्याचं आठवतं. तसं कुणी सांगितलं तर ते हसण्यावारी नेऊ नका, केसपेपरवर लिहा.

लक्षणं पहिल्या २४ ते ४८ तासांत दिसतात. जघनास्थीच्या मधोमध बोट ठेवलं की बाई कळवळते, आणि बोट काढल्यावरही पाच सेकंदांहून अधिक काळ ते दुखत राहतं. कूस बदलताना, एका पायावर भार देऊन साडी किंवा पॅन्ट घालताना, पायरी चढताना कळ येते. चाल डुलती आणि आखूड पावलांची होते. मागचे सांधे दुखावले असतील तर दुखणं कंबरपट्ट्याच्या खाली, नितंबाच्या वरच्या भागात, एका बाजूला जास्त असतं. कधी मांडीच्या मागे गुडघ्यापर्यंत उतरतं. मणक्याच्या चकतीचं दुखणं बहुधा कंबरपट्ट्याच्या रेषेत किंवा तिच्या वर असतं आणि नस दाबली गेली तर गुडघ्याखाली पावलापर्यंत जातं. हा फरक हाताने दाखवायला सांगितला तरी निम्मं काम होतं. ‘कंबर दुखते’ या शब्दांवर थांबू नका, तिला बोट ठेवायला सांगा.

आता ती चाचणी. बाईला पाठीवर उताणं झोपवा, उशी पातळ, दोन्ही पाय सरळ, पावलांत सुमारे २० सेंटिमीटर अंतर. गुडघा न वाकवता एक पाय अंथरुणापासून २० सेंटिमीटर वर उचलायला सांगा. मग खाली ठेवून दुसरा. प्रत्येक पायाला विचारायचं: किती जड गेलं? मुळीच नाही तर ०, अगदी थोडं १, काहीसं २, बरंच ३, फार ४, उचललाच नाही तर ५. दोन्ही पायांचे आकडे मिळवून १० पैकी गुण मिळतात. यानंतरचा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि खरी माहिती त्यातच असते. तपासणाऱ्याने आपले दोन्ही तळवे बाईच्या खुब्यांच्या बाजूंना ठेवून ओटीपोट दोन्हीकडून आत दाबून धरायचं आणि तोच पाय पुन्हा उचलायला लावायचा. दाबून धरल्यावर पाय हलका वाटला, तर दोष कड्याच्या सांध्यांत आहे. काहीच फरक पडला नाही, तर मणका, नस किंवा टाके यांच्याकडे वळा.

सिझेरियन झालेल्या बाईत पोटाच्या टाक्यांमुळे पाय जड लागतो, त्यामुळे तिथे या दुसऱ्या भागावर अधिक भर द्यावा. पाठीतून भूल दिलेली असेल तर तिचा अंमल पूर्ण उतरल्यावरच, साधारण दुसऱ्या दिवशी, चाचणी करावी. एका पायाला २ किंवा अधिक गुण आले, किंवा दोन पायांत ठळक फरक दिसला, तर आमच्या मते त्या बाईला एक्स-रे केल्याशिवाय घरी सोडू नये. परिचारिका ही चाचणी सहज करू शकतात. एक सावधगिरी: सांधा ताजा उघडल्याचा संशय असेल तर मांडी बाहेर फाकवून करायच्या चाचण्या त्या दिवशी करू नयेत.

एक्स-रे ओटीपोटाचा, समोरून, साधा. बाई उभी राहू शकत असेल तर उभ्याने काढलेला अधिक उपयोगी, कारण आडवं झाल्यावर फट मिटलेली दिसू शकते. एक्स-रेमुळे अंगावरचं दूध बंद करण्याची गरज नाही. हा गैरसमज अजून इतका घट्ट आहे की तपासणीच टाळली जाते. जिथे सोनोग्राफीचं यंत्र खाटेपाशी आणता येतं, तिथे पुढच्या सांध्याची फट त्यानेही मोजता येते. सीटी किंवा एमआरआय लागतो तो फट मोठी असेल, मागचे सांधे संशयास्पद असतील किंवा एक्स-रे ठीक असूनही दुखणं थांबत नसेल तेव्हा. एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘पेल्व्हिस, दोन्ही एसआय सांधे आणि सिंफिसिससह’ असं स्पष्ट लिहावं. नाहीतर सवयीने कमरेचा मणका काढून दिला जातो. आणि हेही सांगायला हवं की फटीचा आकडा आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ नेहमी बसत नाही. १२ मिलिमीटरच्या फटीत आडवी झालेली बाई असते आणि २० मिलिमीटरच्या फटीत चालणारीही. उपचार बाईवर करायचे, फिल्मवर नाही.

ताप, थंडी, जघनास्थीवर लाली आणि ऊब, दिवसागणिक वाढणारं दुखणं असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. सीआरपी (संसर्ग-दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि इतर रक्ततपासण्यांना त्याच दिवशी पाठवा. आपल्याकडे एसआय सांध्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही: आठवडेच्या आठवडे एकाच बाजूचं दुखणं, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, पाऊल वर उचलता न येणं, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. शेवटचं लक्षण रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचं असू शकतं. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका एरवीपेक्षा खूप वाढलेला असतो, आणि खाटेला खिळलेल्या बाईला तो अधिकच. चालता येत नसेल तर गुठळी टाळण्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडं मऊ पडून जघनास्थीच्या फांद्यांना बारीक भेगा पडतात, त्याचं दुखणं आणि चाल हुबेहूब अशीच असते. म्हणून ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या तपासण्याही कराव्यात. औषधाची मात्रा अहवाल पाहून डॉक्टरांनी ठरवायची. शेजारणीने दिलेली आठवड्याची पुडी महिनोन्महिने घेत राहायची नाही.

निदान झालं, फट चार सेंटिमीटरच्या आत आहे, जखम उघडी नाही, तर बहुतेकींना शस्त्रक्रिया लागत नाही. उपचाराचा गाभा पट्टा, हालचालीची शिस्त आणि व्यायाम हाच.

पट्ट्याबाबत सर्वात जास्त घोळ होतो. मेडिकलच्या दुकानात ‘बाळंतिणीचा पट्टा’ मागितला की नऊ-दहा इंच रुंद, इलॅस्टिकचा, पोटाला गुंडाळायचा बेल्ट मिळतो. घरी आजी सुती साडीने किंवा धोतराने पोट बांधतात तेही याच जागी. या बांधण्याने दुखणारा सांधा आवळला जात नाही. उलट पोटातला दाब खाली, बाळंतपणात आधीच ताणलेल्या स्नायूंवर जातो. पोट बांधल्याने बाईला बरं वाटत असेल तर हलक्या हाताने बांधायला हरकत नाही, पण तो या दुखापतीवरचा उपचार नव्हे.

लागतो तो ओटीपोटाचा अरुंद पट्टा, रुंदी ५ ते ७ सेंटिमीटर, न ताणणारा किंवा कमी ताणणारा. जागा: मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्या दोन्ही उंचवट्यांवरून आणि पुढे जघनास्थीवरून. मागच्या सांध्यांचं दुखणं जास्त असेल तर जरा वर, कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांच्या लगेच खाली. बांधण्यापूर्वी उताणं झोपायचं, गुडघे वाकवून एकत्र आणायचे आणि मग पट्टा आवळायचा. उभ्याने आवळला तर उघडलेला सांधा उघडाच आवळला जातो. पट्टा आणि त्वचा यांत दोन बोटं जातील इतपतच घट्ट. जास्त आवळल्याने जास्त आधार मिळत नाही, फक्त मांडीला मुंग्या येतात आणि कातडी सोलवटते. जागा बरोबर आहे का हे तपासायला तीच पाय उचलण्याची चाचणी: पट्टा बांधून पाय हलका वाटला तर जागा बरोबर, नाहीतर दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली करून पुन्हा पाहायचं. पट्टा उठता-चालताना वापरायचा. नुसतं पडून असताना तो सोडून कातडी पाहायची. मोठी फट असेल तर पहिले काही दिवस डॉक्टर सांगतील तसा अंथरुणातही ठेवावा लागतो. गावात पट्टा लगेच मिळत नसेल तर चादरीची २० सेंटिमीटर रुंद घडी करून त्याच जागी बांधली तरी मोठ्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास सुसह्य होतो. गाडीत गुडघ्यांमध्ये उशी ठेवून गुडघे ओढणीने सैल बांधावेत.

कुशीवर वळण्याची पद्धत प्रत्येक घरात शिकवायला हवी. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, मधे उशी दाबून धरायची, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम एकाच वेळी फिरवायचं. आधी वरचं अंग आणि मागून पाय असं वळलं की कडं पिळलं जातं, आणि नेमकी तिथेच कळ येते. उठताना कुशीवर येऊन दोन्ही पाय जोडून एकत्र खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने बसतं व्हायचं. कुणी हात धरून ओढू नये, विशेषतः एका बाजूने.

बाज ही आपली जुनी चीज, पण झोळ पडलेली सुंभाची बाज या दुखण्यात वाईट, त्यातून उठणं म्हणजे शिक्षाच. गुडघ्याइतक्या उंचीचा, घट्ट गादीचा पलंग हवा. जमिनीवरचं अंथरूण नको, मांडी घालून किंवा उकिडवं बसणं नको, पाटावर बसून अंघोळ नको. अंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची आणि भारतीय संडासावर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची, एवढं आणलं तरी निम्म्या कळा कमी होतात. बाळाला पाजताना पाठ टेकता येणारी खुर्ची, मांडीवर उशी, पावलं जमिनीला टेकलेली. रात्री कुशीवर झोपून, गुडघ्यांत उशी ठेवून पाजावं. बाळाला एका कडेवर घेऊन उभं राहायचं नाही. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणायचे.

मालिशवाल्या मावशींबद्दल तुच्छतेने लिहायचा आमचा हेतू नाही. पाठ, खांदे, पोटऱ्या हलक्या हाताने चोळून घ्यायला काहीच अडचण नाही. मात्र पोटरी सुजलेली, दुखरी असेल तर ती चोळायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवायची. पण मांड्या फाकवून जांघांत जोर देणं, कमरेवर पाय देणं, पाय ओढून ‘कडाकडा मोडणं’ हे या बाईत पूर्ण बंद. ज्या बंधांना जुळायला आठवडे लागतात, ते रोज सकाळी ताणले जातात. शेगडीचा शेक बऱ्याच जणींना सुखावतो, घ्यावा. जघनास्थीवर सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस मात्र बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवणं अधिक उपयोगी.

वेदनाशामकांची उगाच भीती बाळगली जाते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजत असताना चालतात. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत असेल तर एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून तीनदा; मात्र रक्तदाब वाढलेला असेल, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्तस्राव चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पहिले काही दिवस गोळी वेळेवर घ्यावी, कळ असह्य होईपर्यंत थांबू नये. वेदना आटोक्यात असेल तरच बाई चालते, आणि चालणं हाही उपचारच. कोडीन आणि ट्रॅमाडॉल पाजणाऱ्या आईने टाळावं असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ साली दिला आहे, कारण काही जणींच्या शरीरात त्यांचं रूपांतर वेगाने होऊन बाळाचा श्वास मंदावतो.

पूर्वी अशा बाईला आठवडेच्या आठवडे सक्तीने झोपवून ठेवत. आता तसं करत नाहीत. पट्टा बांधून, वॉकरच्या आधाराने, सोसेल तेवढा भार देत, जमेल त्या दिवसापासून चालवायचं: खोलीतल्या खोलीत, आखूड पावलं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. वॉकर सुटायला काहींना दोन आठवडे लागतात, काहींना सहा.

व्यायाम पहिल्या आठवड्यापासूनच, पण छोटे. उताणं, गुडघे वाकवून, श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत ओढायचं, कंबर न हलवता, पाच ते दहा सेकंद, दहा वेळा. लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू वर ओढायचे, पाच सेकंद; दहा वेळा. गुडघ्यांमध्ये टॉवेलची घडी धरून हलका दाब, पाच सेकंद, दहा वेळा. हे दिवसातून तीनदा. टॉवेल जोराने दाबला तर मांडीच्या आतले स्नायू जघनास्थीवरच ओढ देतात आणि दुखणं वाढतं, म्हणून ‘हलका’ हा शब्द मनावर घ्यावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून नितंब थोडे वर उचलणं, भिंतीला टेकून किंचित गुडघे वाकवणं, मग बुटक्या पायरीवर चढणं. मोजमाप एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलं असेल तर एक पायरी मागे या. बद्धकोणासन, मालासन, पाय फाकवून करायची सगळी आसनं किमान तीन महिने बंद. ‘ओटीपोट मोकळं होतं’ म्हणून बाळंतिणींना हीच आसनं शिकवली जातात, ही मोठी गंमत आहे. या व्यायामांना वेळ द्यावा लागतो. नॉर्वेत ब्रिट स्टुगे आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं राहिलेल्या ८१ बायकांवर केलेल्या अभ्यासात, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, स्थैर्याच्या नेमक्या व्यायामांसह केलेला उपचार २० आठवड्यांचा होता, आणि त्याचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकून होता. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टकडे चार दिवस शेक-करंट घेऊन ‘गुण नाही’ म्हणून सोडून देतात.

बहुतेकींना सहा आठवडे ते तीन महिन्यांत स्पष्ट आराम पडतो, काहींना सहा महिने लागतात. तीन महिन्यांनंतरही एसआय सांधा दुखत असेल तर एक्स-रे किंवा सीटीच्या मार्गदर्शनाखाली सांध्यात इंजेक्शन देता येतं. अंदाजाने कमरेत सुई टोचणं हे ते नव्हे.

शस्त्रक्रिया थोड्या जणींना लागते: जखम उघडी असेल, फट चार सेंटिमीटरच्या पुढे असून मागचे सांधेही सुटले असतील, किंवा नीट उपचार करूनही कडं हलतच राहिलं तर. सिझेरियनसारख्याच आडव्या छेदातून पुढच्या सांध्यावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवतात. मागे गरजेनुसार लांब स्क्रू. मूत्राशय लागूनच असल्याने लघवीची नळी घालून ते रिकामं ठेवावं लागतं. हा सांधा मुळातच हलणारा, त्यामुळे पट्टी पुढे सैल होणं किंवा मोडणं घडतं. दुखत नसेल तर ती काढलीच पाहिजे असं नाही. हे रुग्णाला आधी सांगावं, म्हणजे दोन वर्षांनी एक्स-रेत मोडका स्क्रू दिसल्यावर कुणी घाबरत नाही.

माकडहाडाचं थोडक्यात. बसल्यावर, आणि बसल्या जागेवरून उठताना, नेमकं टोकाशी दुखत असेल तर ते हे. रिंगच्या आकाराची उशी घेऊ नका, तिचा दाब उलट मधे येतो; मागच्या बाजूला खाच असलेली उतरती उशी घ्या आणि पुढे झुकून बसा. शौचाला घट्ट होऊ देऊ नका. दोन-तीन महिन्यांत न थांबल्यास बसून आणि उभ्याने असे, बाजूने काढलेले दोन एक्स-रे तुलना करून पाहतात.

व्यवस्थेकडून काय हवं, तेही लिहितो. आशा कार्यकर्ती दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिच्या नोंदीत ‘कुशीवर वळता येतं का, पाय उचलता येतो का’ हे दोन प्रश्न घातले तर दवाखान्यात नजरेतून सुटलेल्या बायका सातव्या दिवशी सापडतील. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे आणि २०१४ पासून त्यात बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतींवरचे उपचारही मोफत आहेत. सरकारी रुग्णालयात एक्स-रेचे पैसे मागितले तर हे नाव घ्या. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी: मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार प्रसूतीमुळे आलेल्या आजारासाठी नेहमीच्या रजेखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते, वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. त्या दाखल्यावर ‘कंबरदुखी’ असं मोघम न लिहिता सांध्याचं नाव आणि फटीचं माप लिहा, ही डॉक्टरांना विनंती.

पुढच्या गरोदरपणात हे दुखणं पुन्हा उद्भवू शकतं, म्हणून पट्टा आणि व्यायाम मधल्या महिन्यांपासूनच सुरू करावेत. एकदा सांधा उघडला म्हणजे पुढच्या वेळी सिझेरियनच, असा नियम नाही. नवव्या महिन्यात बाईला उताणं, गुडघे वाकवून झोपवा, दुखेपर्यंत गुडघे हळूहळू दूर न्यायला सांगा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजून केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. प्रसूतीच्या वेळी, एपिड्युरल असो वा नसो, गुडघे त्या मापापलीकडे नेऊ नयेत, आणि कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन बाळंतपण करायची मुभा तिला द्यावी.

आपले,
अस्थिरोग आणि प्रसूतिपश्चात फिजिओथेरपी क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट